बारा मिनिटे उशीर

३ मार्च, दुपारी ३.१०

…आणि विणकामाची सुईसुद्धा आत गेली. म्हणजे पायाच्या प्लास्टरमध्ये आता दोन वस्तू आहेत: जिगसॉ पझलचा एक निळा तुकडा आणि तो काढण्यासाठी घातलेली सुई. तिसरी वस्तू घालायची नाही असा निश्चय केला आहे.

३.४०

फूटपट्टी निम्मी बाहेर आहे. तिला आत गेली असे म्हणता येणार नाही.

संध्याकाळी ६.५०

ही कामावरून आली. दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते. खांद्यावरची पर्स न काढता तिने चिमट्याने तिन्ही वस्तू बाहेर काढल्या. दोन मिनिटे लागली. म्हणाली, अहो, पाय आहे तो, ड्रॉवर नाही. मी हसलो नाही. हजार तुकड्यांचे पझल, त्यातले सहाशे तुकडे नुसते आभाळाचे. ज्याने ते तयार केले त्याला उद्योग नव्हता. ज्याने ते मला आणून दिले त्याला तर कधीच नव्हता.

४ मार्च

आणून देणारा म्हणजे मेहुणा. विमा विकतो. पझलसोबत मासिकातले एक पान आणले होते, प्लास्टिकच्या कव्हरात घालून: ‘घरात अडकलात? कंटाळा पळवण्याचे एकवीस मजेदार मार्ग’. म्हणाला, भाऊजी, सहा आठवडे एका जागी म्हणजे चेष्टा नाही, डोकं फिरेल तुमचं. मी सांगितले, कंटाळा रिकाम्या डोक्याच्या माणसांना येतो. तो म्हणाला, म्हणूनच तर आणलं. मग घाईघाईने म्हणाला, म्हणजे तसं नव्हे हो.

ही वही मी कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. एकवीस मार्गांतला दुसरा मार्ग ‘रोजनिशी लिहा’ हा आहे, त्याच्याशीही या वहीचा संबंध नाही. माझे मी ठरवले होते.

५ मार्च

काही गोष्टी एकदा लिहून ठेवतो. बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात मला बावीस वर्षे झाली. विभागप्रमुख जानेवारीत निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोण, ते साहेब पंधरा एप्रिलला जाहीर करणार. दुसरे नाव चर्चेतही नाही. माझे प्लास्टर सात एप्रिलला निघेल. म्हणजे सगळे व्यवस्थित जमून येते.

तोपर्यंत माझे टेबल सहायक बाईंकडे आहे. तेही साहेबांना सुचले, मला विचारलेसुद्धा नाही. ही बाई वेळापत्रक पेन्सिलने लिहिते. खोडते, पुन्हा लिहिते, पुन्हा खोडते. तिच्या टेबलावर कायम रबराचा चुरा असतो. मी मनात तिला पेन्सिल म्हणतो. समोर काहीच म्हणत नाही.

मी शाईने लिहितो. सात नंबरच्या बसला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अठ्ठेचाळीस मिनिटे. सकाळी अठ्ठेचाळीस, दुपारी अठ्ठेचाळीस, संध्याकाळी अठ्ठेचाळीस. नऊ वाजले म्हणून घड्याळ हळू चालत नाही, तर बसने का चालावे? बस वेळेवर आली नाही तर चूक बसची. बावीस वर्षांत वेळापत्रकाची चूक एकदाही निघाली नाही.

६ मार्च

मार्ग क्रमांक ४: ‘एखादे वाद्य शिका.’ मेहुण्याने माउथ ऑर्गन पाठवला. अर्धा तास वाजवला. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली. ताल बरोबर होता.

७ मार्च

माउथ ऑर्गन सापडत नाही. हिला विचारले. म्हणाली, असेल कुठेतरी, प्लास्टरमध्ये बघा.

८ मार्च

मार्ग ६: स्वतःशीच बुद्धिबळ. पांढरी मोहरी माझी, काळीही माझीच. काळ्याने चाळीस मिनिटांत मात दिली. पांढऱ्याकडून मी खेळत होतो, तेव्हा डाव काही खरा नव्हता. पुन्हा मांडला. पुन्हा काळा जिंकला. मार्ग ६ लिहिणाऱ्याला खेळाचे ज्ञान नाही.

९ मार्च

मार्ग ७: कागदाचा बेडूक. जमला नाही. कागद चांगला नव्हता.

१० मार्च

हाडांचे डॉक्टर पाहून गेले. पायाची बोटे रोज शंभर वेळा हलवा म्हणाले, नाहीतर पाय आखडेल. हिच्यासमोर त्यांनी पुन्हा विचारले की पडलात कसे. मी सांगितले, कामावर असताना अपघात. ही खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

अपघात असा. माझ्या हिशोबाने प्रत्येक स्टॉपवर बसने अकरा सेकंद थांबावे. ड्रायव्हर लोक म्हणत होते, माणसं उतरेपर्यंतच पंधरा होतात. म्हणून मी डेपोत सगळ्यांना गोळा केले आणि हातात पिशवी घेऊन स्वतः उतरून दाखवले. बस उभीच होती. पहिल्या दोन वेळा दोन सेकंदांत उतरलो. तिसऱ्या वेळी एका सेकंदात.

११ मार्च, सकाळी ११.००

मार्ग ११: ‘खिडकीत बसून जग न्याहाळा.’ हे मांजराचे काम आहे. अशा सूचना लिहिणारे मासिक कोणी छापते आणि कोणी विकत घेते, हे कळायला मार्ग नाही.

११.२०

बसलो आहे. दुसरी खुर्ची पायाखाली. बरोबर खाली सात नंबरचा स्टॉप आहे. मी स्वतः बसने जात नाही. माझी स्कूटर आहे. वेळापत्रक करणाऱ्याने बसमध्ये बसू नये. बसले की नजर बिघडते, प्रवाशांची कीव येऊ लागते.

११.४२

बस आली. माझ्या वेळापत्रकात ती ११.३० ला आहे. बारा मिनिटे उशीर!

दुपारी १.००

१२.१० ची १२.२२ ला. पुन्हा बारा. मी सोळा दिवस ऑफिसात नाही आणि ही दशा झाली. जेवण फार चवीने गेले. ही घरी असती तर तिला बोलावून दाखवले असते.

१२ मार्च

वहीच्या मागच्या बाजूने रकाने आखले. तारीख. माझी वेळ. प्रत्यक्ष वेळ. फरक. कारण. पहाटे सहापासून खिडकीत. सकाळच्या सगळ्या बस बारा मिनिटे उशिरा. ‘कारण’ या रकान्यात ‘ढिलाई’ लिहिले. नंतर ‘ढिलाई’ कमी वाटली म्हणून ‘बेपर्वाई’.

विशेष म्हणजे दुपारी दोननंतरच्या बस चार मिनिटे लवकर येतात. लवकर येणे हा उशिरापेक्षा मोठा गुन्हा. उशिरा येणाऱ्याला निदान लाज तरी वाटते.

१३ मार्च

काल जे, तेच आज. सकाळी बारा मिनिटे उशीर, दुपारी चार मिनिटे लवकर. पेन्सिलने गाडी पार रुळावरून घसरवली आहे. अडतीस नोंदी झाल्या. या मला पुरणार नाहीत. साहेबांपुढे ठेवायचे तर ढीग हवा.

१५ मार्च, सकाळी ८.१५

ही अजून चहा पीत बसली आहे. तिची बस ८.१० ची. पूर्वी आठ वाजताच घाईघाईने निघायची, आठ-पाचला खाली उभी असायची, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उशीर झाला म्हणून डॉक्टरांची बोलणी खायची. मी म्हटले, तुझी बस गेली. म्हणाली, मिळेल हो.

८.२५

मिळाली. ८.२० ला जिना उतरली, ८.२२ ला बस. निव्वळ नशीब.

१६ मार्च

पुन्हा ८.२० ला निघाली. पुन्हा मिळाली. सलग दोन दिवस नशिबाच्या भरवशावर घराबाहेर पडणारी बाई मी पाहिलेली नाही. तसे बोलून दाखवले. म्हणाली, अहो, तो खांबावरचा कागद वाचलात का तुम्ही? स्टॉपच्या खांबावर कोणीतरी पिवळा कागद चिकटवला आहे, तो. मी म्हटले, मी शिकवण्यांच्या जाहिराती वाचत नाही. ती काहीतरी बोलणार होती. मग तिने कप विसळला.

१८ मार्च

मार्ग १३: ‘भविष्यातल्या स्वतःला पत्र लिहा.’ मी लिहिले. विभागप्रमुख यांस सविनय. एक महिन्याची बाकी रजा मंजूर करावी व टेबल खिडकीजवळ हलवावे. मग उत्तरही लिहिले. विभागप्रमुखांच्या नात्याने विनंती मान्य केली, मात्र भाषा आणखी नम्र हवी होती असा शेरा मारला.

या यादीतला हा पहिला मार्ग ज्यात थोडे तथ्य आढळले.

१९ मार्च

बोटे हलवायची राहिली. नोंदी बावीस. सकाळी बारा मिनिटे उशीर. दुपारी चार मिनिटे लवकर.

२० मार्च, सकाळी ११.३०

पेन्सिलचा फोन. सर, पाय कसा आहे, वगैरे. मग म्हणाली, सर, एक विचारायचं होतं, सकाळच्या फेऱ्यांचं मी जरा… मी तिला तिथेच थांबवले. म्हटले, अहो बाई, शिकायचे असेल तर आधी ऐकायला शिका. मग पाऊण तास वेळापत्रक म्हणजे काय ते समजावले. मधूनमधून ‘बरं सर’ म्हणत होती. शेवटी म्हणाली, सर, मी तो कागद तुम्हाला घरी पाठवून देऊ का? मी म्हटले, तुमचा कागद मला नको, माझा माझ्याकडे आहे. पुन्हा म्हणाली, बरं सर.

आवाज घाबरलेला होता. घाबरणारच. हिशोब द्यायची वेळ जवळ आली.

या फोनमुळे १०.५० च्या बसची नोंद थोडक्यात चुकणार होती. फोन कानाला लावून केली. ११.०२.

२२ मार्च

एक गोष्ट ध्यानात आली. माझ्या काळात उशीर कधी पाच मिनिटे असे, कधी वीस. कधी दोन बस एकदम येत, कधी एकही नाही. ड्रायव्हर कारणे सांगत, लोक ओरडत, तक्रारपेटी भरून जाई. त्यात एक जिवंतपणा होता. आता रोज तेच. बारा, बारा, बारा. उशीर करण्यातसुद्धा या बाईला कल्पनाशक्ती नाही.

२३ मार्च

मेहुणा आला. मार्ग कुठवर आले म्हणाला. तेरा झाला, पण मुक्काम अकरावरच, असे सांगितले. खिडकीत डोकावला, वही चाळली, पुन्हा खाली पाहिले. म्हणाला, भाऊजी, फरक रोज सारखाच येतोय, मग हा उशीर कसा? माझी विम्याची गिऱ्हाइकं रोज बरोबर बारा मिनिटं उशिरा आली तर मी बारा मिनिटं उशिराच दुकान उघडेन की. मी विचारले, तू शिकला किती? बारावी म्हणाला. मी म्हटले, मग बारापर्यंतच बोल. हिने त्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. आतून बराच वेळ दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. बहीणभावांचे जुने काहीतरी असेल.

२५ मार्च

मार्ग १६: ‘जोडीदाराचे चित्र काढा.’ काढले. हिला दाखवले. हा कोण म्हणाली. मग तिनेच ते फ्रिजवर लावले. सांगितले, राहू दे, चोर आला तर घाबरेल.

२७ मार्च

स्टॉपवरच्या लोकांची वागणूक विचित्र आहे. पूर्वी बससाठी तिथे चाळीस-पन्नास माणसे ताटकळत उभी असत, रस्त्याच्या बाजूला मान करून. आता कोणीच उभे नसते. बस यायच्या दोन-तीन मिनिटे आधी सगळीकडून येतात आणि चढून जातात. लोकांनी बसची वाट पाहणेच सोडून दिले. एखाद्या सेवेवरचा जनतेचा विश्वास कसा उडतो याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. अहवालात घेतले.

३० मार्च

अहवालाची सुरुवात: ‘प्रस्तुत निरीक्षकाने कोणताही पूर्वग्रह न ठेवता…’ इथपर्यंत झाले. पुढे पूर्वग्रह न ठेवणारे शब्द सापडत नाहीत.

१ एप्रिल

हिने आज सरळ विचारले. हे सगळं पाठवून नेमकं काय व्हायला हवंय तुम्हाला? मी म्हटले, सत्य समोर यावे. म्हणाली, त्या बाईंची नोकरी गेली तर चालेल? मी म्हटले, मी फक्त वेळ लिहितो आहे, बाकीचे ज्याचे त्याने पाहावे. त्यावर ही म्हणाली, अहो, मी तुम्हाला तीनदा सांगितलं की तो पिवळा कागद वाचा. माझा फोन घेऊन खाली जाते, फोटो काढून आणते, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटले, साडेसातला बस आहे, मला बोलण्यात गुंतवू नकोस.

तिने फोन खाली ठेवला. मग फार शांतपणे म्हणाली, पाठवा तर पाठवा.

संमती मिळाली.

४ एप्रिल

अहवाल पूर्ण. तेवीस पाने, पाचशे सात नोंदी. एकाही नोंदीत मी खाडाखोड केलेली नाही. ‘कारण’ रकान्यात ढिलाई, बेपर्वाई, अक्षमता, अननुभव, स्त्रीसुलभ चंचलता. शेवटचे हिने पाहिले आणि पानच माझ्यासमोर धरून उभी राहिली. ते खोडले. आता पाचशे सात नोंदींत एकच खाडाखोड आहे.

साहेबांच्या नावे, एक प्रत संचालकांना. पाकीट हिनेच कामावर जाताना पोचते केले. सात नंबरच्या बसने गेली. वेळेआधी पोहोचले म्हणाली. बिचारीला कुठले आकडे कळणार.

७ एप्रिल

प्लास्टर काढले. आतला पाय माझा वाटत नाही. पांढरा, बारीक, आणि माझ्याकडे पाहत असल्यासारखा. बोटे हलवा म्हणून सांगितलं होतं ना, डॉक्टर म्हणाले. मी म्हटले, मला काम होते. आणखी महिनाभर काठी.

८ एप्रिल

साहेबांकडून उत्तर नाही. वाचत असतील. तेवीस पाने आहेत.

१० एप्रिल, सकाळी ९.००

साहेबांचा फोन! दुपारी चारला घरी येतो म्हणाले. आवाजात उत्साह. म्हणाले, अहो, तुम्ही काय करून ठेवलंत तुम्हाला कल्पना नाही, संचालक स्वतः बोलले. म्हणाले, बाईंनाही घेऊन येतो बरोबर.

बाईंना बरोबर आणणे मला पसंत नाही. पण समोरासमोर झालेले बरे. मी मोठेपणा दाखवेन. तिला विभागातून काढू नका असे मीच सुचवेन. रबराचा चुरा तेवढा आवरावा, ही एकच अट.

दुपारी ३.१५

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. बोलायचे मुद्दे कागदावर काढले: १. आभार. २. खिडकीजवळचे टेबल. ३. क्षमा (तिला).

हिने अर्धी रजा घेतली आहे. मी तिला तसे सांगितलेले नव्हते. सकाळपासून फार कमी बोलते आहे.

संध्याकाळी ७.१०

घडले ते क्रमाने लिहितो.

साहेब आले. मागे पेन्सिल, हातात फळांची पिशवी. साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, कमाल केलीत तुम्ही, घरी पाय मोडून बसलेला माणूस हे करेल असं स्वप्नातही वाटलं नसतं.

मी पहिला मुद्दा बोललो. आभार.

साहेब म्हणाले, आभार तुमचे मानायचे. पाच मार्चपासून आम्ही सात नंबरवर बाईंचं नवं वेळापत्रक लावलं. सकाळी गर्दी असते म्हणून धावायला जास्त मिनिटं, दुपारी रस्ता मोकळा म्हणून कमी. पण संचालक ऐकेनात. कागदावर सगळंच छान दिसतं म्हणाले, प्रत्यक्षात बस वेळेवर येते कशावरून? बाईंनी स्वतः घेतलेले आकडे दाखवले तर म्हणाले, आपल्या कामाला कोण नापास करतं. आणि अशात तुमचं पाकीट. पाचशे सात नोंदी! तेही बाईंवर असा दात ठेवून असलेल्या माणसाच्या. साहेब पुढे म्हणाले, पान उघडलं आणि मी हसतच सुटलो. प्रत्येक ओळीत शिव्या बाईंना, आणि वेळ बघावी तर मिनिटभरही इकडेतिकडे नाही.

मी म्हटले, पण बारा मिनिटे उशीर आहे.

साहेब म्हणाले, कशाच्या मानाने?

मी म्हटले, वेळापत्रकाच्या.

साहेब म्हणाले, अहो, ते वेळापत्रक आता नाहीये. नवं खाली लावलंय की तुमच्या स्टॉपवर. पिवळा कागद.

ही चहा आणायला आत गेली. चहा आधीच समोर होता.

मग पेन्सिल बोलली. सर, मनापासून थँक्यू. तीन महिने मी ऑफिसच्या आधी आणि नंतर सात नंबरने नुसती येत-जात होते, मिनिटं लिहीत. कोणी विश्वासच ठेवत नव्हतं. तुम्ही नसता तर झालं नसतं.

ती चेष्टा करत नव्हती. मी तिच्याकडे नीट पाहिले. खरेच करत नव्हती. चेष्टा करत असती तर मला उत्तर देता आले असते.

दुसरा मुद्दा बोललो नाही. तिसराही.

निघताना साहेब म्हणाले, पंधराला या, तेव्हा बाकीचं बोलू. जिन्यात त्यांनी हिला विचारले, वहिनी, तुम्हाला फरक जाणवतो का हो? ही म्हणाली, रोज सकाळी वीस मिनिटं जास्त मिळतात. बसून चहा पिते.

११ एप्रिल

साहेब मुत्सद्दी माणूस आहेत. बाईंसमोर ते दुसरे काय बोलणार? ‘बाकीचं बोलू’ या शब्दांवर त्यांनी जोर दिला होता. बाकीचे म्हणजे काय, ते उघड आहे. वेळापत्रक कोणीही करील. पाचशे सात नोंदी करणाराच विभाग चालवू शकतो.

१२ एप्रिल

सवयीने सहाला खिडकीत. ६.२२ ला बस. लिहिली नाही.

दुपारी हिने तो पिवळा कागद खालून वाचून आणला, माझ्या वहीत उतरवून. तिच्या अक्षरात. मी पाहिला. माझ्या नोंदींशेजारी ठेवून ओळीने तपासला. एके ठिकाणी अर्ध्या मिनिटाचा फरक सापडला असे वाटले. आमच्या भिंतीवरचे घड्याळ तेवढे मागे होते.

१३ एप्रिल

मेहुण्याचा फोन. भाऊजी, उरलेले मार्ग करणार की यादी परत नेऊ? मी म्हटले, ने. म्हणाला, दुसरी एक आहे माझ्याकडे, ‘निवृत्तीनंतरचे तीस छंद’. फोन ठेवला.

१५ एप्रिल, संध्याकाळी ६.४०

ऑफिसात गेलो. काठी घेऊन, रिक्षाने. स्कूटरची किक पायाला झेपत नाही.

पेन्सिल विभागप्रमुख झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काठी काखेत धरून वाजवाव्या लागतात, त्यामुळे आवाज कमी आला.

नंतर साहेबांनी मला आत बोलावले. म्हणाले, तुमच्यासाठी खास काम काढलंय. आता सगळ्याच मार्गांची वेळापत्रकं बदलायची आहेत, आणि संचालकांचा तुमच्या आकड्यांवर भारी विश्वास. म्हणाले, हा माणूस कोणाची भीडभाड ठेवणार नाही. एकेका स्टॉपवर दोन-दोन आठवडे. बस कितीला आली, कितीला गेली. नियमाप्रमाणे घडीचे स्टूल मिळेल आणि छत्री. बाईंनीच नाव सुचवलं तुमचं.

पद नवीन आहे. कंपनीत आजवर असे पद नव्हते. फक्त माझ्यासाठी निर्माण केले गेले. बावीस वर्षांत आणखी कोणासाठी असे पद निर्माण झाल्याचे मला आठवत नाही. ‘क्षेत्र निरीक्षण’ हे नाव मीच सुचवले, साहेब म्हणाले, हो हो, ठेवा की. खरे म्हणजे विभागप्रमुखाला दिवसभर खोलीत बसावे लागते. मला

हिला सांगितले. ती भाजी चिरत होती. पद नवीन आहे, हेही सांगितले. सुरी थांबली. मला वाटले हसेल. हसली नाही. मग विचारले, पहिला स्टॉप कुठला? मी म्हटले, गावाच्या दुसऱ्या टोकाचा, तीन नंबरचा. म्हणाली, मग डबा पहाटे पाचला लागेल. पाय दुखला तर फोन करा, उगीच उभे राहू नका. आणि छत्री आठवणीने मागून घ्या.

वाक्य वर अर्धे राहिले आहे. पुढे काय लिहायचे होते ते आठवत नाही.

१६ एप्रिल

सकाळी ५.५५ ला स्टॉपवर पोहोचलो. स्टूल उघडेना, म्हणून उभा राहिलो. खांबावरचा कागद आधी वाचला. पहिली बस ६.०८ ला आली. दार उघडले. ड्रायव्हरने विचारले, काका, चढताय ना? नाही म्हटले. तो म्हणाला, मग थांबलात कशाला? मी वही दाखवली. त्याने दार लावले. ६.०९ ला बस गेली. फरकाच्या रकान्यात शून्य लिहिले. कारणाचा रकाना नव्हता.